शेजाऱ्याचे राष्ट्रगीत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



ऑक्टोबर 2025 मध्ये आसामच्या बराक खोऱ्यातील श्रीभूमी जिल्ह्यात काँग्रेस सेवादलाची एक बैठक झाली. तीत एका वृद्ध कार्यकर्त्याने रवींद्रनाथांचे 'आमार सोनार बांगला' हे गीत म्हटले. ते बांगलादेशाचे राष्ट्रगीत आहे, सबब ते म्हणणे हा भारताचा अवमान होय, असे ठरवून राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी गुन्हा नोंदवण्याचे आदेश पोलिसांना दिले. बातमी चार दिवस गाजली आणि विरली. परंतु शेजारी राष्ट्राचे गीत ठाऊक असणे हाच संशयाचा विषय व्हावा, ही गोष्ट इतक्या सहज विसरण्याजोगी नाही.

हे गीत 1905 सालचे. कर्झनने त्या वर्षी बंगालची फाळणी केली आणि तिच्याविरुद्ध जो प्रक्षोभ उसळला त्यातून ते जन्मले. त्या वेळी बांगलादेश नव्हता, पाकिस्तानही नव्हते. स्वदेशी आणि बहिष्कार यांचा जो घोष लोकमान्यांनी महाराष्ट्रात दुमदुमवला तो याच आंदोलनाचा. म्हणजे ज्या गीतावर आज परकेपणाचा शिक्का मारला जातो ते भारतीय स्वातंत्र्यसंग्रामाचे गीत आहे. त्याची चाल तर रवींद्रनाथांचीही नव्हे. शिलाइदह येथे त्यांच्या घराण्याची जमीनदारी होती. तेथे गगन हरकारा नावाचा एक बाउल राहत असे. हरकारा म्हणजे टपाल पोचवणारा. त्या टपालवाल्याच्या गाण्याची चाल कवीने घेतली आणि पुढे ती एका राष्ट्राची झाली. राष्ट्रगीते दरबारातच घडतात असे मानणाऱ्यांनी हा तपशील ध्यानात ठेवावा.

1967 साली पाकिस्तानच्या माहितीमंत्र्यांनी रवींद्रनाथांची गीते नभोवाणीवरून बंद करण्याचे जाहीर केले. कवी हिंदू होता आणि त्याची गीते पाकिस्तानच्या आदर्शांशी विसंगत होती, असा एकूण सूर होता. पूर्व बंगालमधील लेखक, अध्यापक आणि विद्यार्थी यांनी त्याला कडाडून विरोध केला. 17 एप्रिल 1971 रोजी मुजीबनगर येथे हंगामी सरकारचा शपथविधी झाला तेव्हा तेथे हेच गीत गायले गेले. धर्माच्या पायावर उभारलेल्या राष्ट्राला भाषेने दिलेले ते उत्तर होते.

आता पुढचा योग पाहा. ऑगस्ट 2024 मध्ये शेख हसीना यांची सत्ता कोसळली आणि पुढच्याच महिन्यात ढाक्यात हे राष्ट्रगीत बदलण्याची मागणी पुढे आली. हंगामी सरकारला तसा विचार नसल्याचे सांगावे लागले. तिकडच्या धर्मांधांना ते गीत भारताच्या कवीचे म्हणून नको, इकडच्या सत्ताधाऱ्यांना ते बांगलादेशाचे म्हणून नको! दोघांची भांडणे कितीही असोत, एका कवितेच्या भीतीवर त्यांचे एकमत आहे.

ज्या जिल्ह्यात ही घटना घडली त्याचे नाव नोव्हेंबर 2024 पर्यंत करीमगंज होते. रवींद्रनाथांनी त्या भूप्रदेशाला श्रीभूमी म्हटले होते, असा आधार देऊन खुद्द राज्य सरकारने ते बदलले. कवीचा शब्द पाटीवर हवा, त्याचे गीत कार्यकर्त्याच्या ओठी नको, असा हा न्याय आहे. 1947 च्या सार्वमतानंतर सिल्हट पाकिस्तानात गेले, करीमगंजचा बराचसा भाग भारतात राहिला. त्याच बराक खोऱ्यात, सिलचरच्या रेल्वे स्थानकावर, 19 मे 1961 रोजी बंगाली भाषेच्या हक्कासाठी अकरा जणांनी प्राण दिले. तेथील म्हाताऱ्या माणसाला हे गीत पाठ असेल तर त्यात नवल ते काय?

श्रीलंकेचे राष्ट्रगीत लिहिणारे आनंद समरकून हेही शांतिनिकेतनात शिकून गेलेले. त्या गीताचा तमिळ अनुवाद आहे. 2016 च्या स्वातंत्र्यदिनी तो सरकारी समारंभात गायला गेला. 2020 मध्ये तो वगळण्यात आला. तमिळ नागरिकांचे त्या राज्यातील स्थान चार वर्षांत कसे हलले, हे एवढ्या एका गोष्टीतून उमगते.

काही कार्यकर्ते म्हणतील, राष्ट्रगीत हा राज्यसंस्थेचा विधी. श्रमिकांना 'इंटरनॅशनल' पुरे. आक्षेप वजनदार आहे. परंतु ते श्रमिकगीतही सोव्हिएत राज्याने राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले आणि 1944 साली बाजूला सारून त्या जागी स्टालिनचे नाव गुंफलेले नवे गीत आणले. राज्यसंस्था गीते उचलते आणि टाकते. म्हणूनच ती मूळची कोणाची, हे कार्यकर्त्याला ठाऊक हवे.

या दृष्टीने दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. एनॉक सोन्तोंगा हे जोहान्सबर्गजवळच्या मिशन शाळेतील एक कृष्णवर्णीय शिक्षक. 1897 मध्ये त्यांनी खोसा भाषेत आफ्रिकेसाठी ईश्वराचा आशीर्वाद मागणारे एक स्तोत्र रचले. 1912 साली ब्लूमफाँटेन येथे पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून प्रसिद्धीस आलेली संघटना स्थापन झाली. त्या सभेच्या अखेरीस ते गायले गेले आणि 1925 मध्ये संघटनेने ते आपले गीत मानले. संघटनेवर 1960 साली बंदी आली, गीत मात्र अंत्ययात्रांतून आणि मोर्चांतून चालत राहिले. टांझानियाने त्याची चाल स्वाहिली शब्दांसह स्वीकारली, झांबियाने आपले शब्द रचून. वर्णद्वेषी राजवटीचे राष्ट्रगीत वेगळे होते, 'दी स्टेम', आफ्रिकान्स भाषेतले. 1994 नंतर काही काळ दोन्ही गीते अधिकृत होती. 1997 मध्ये दोहोंचे अंश जोडून एकच गीत करण्यात आले. आज त्यात खोसा, झुलू, सेसोथो, आफ्रिकान्स आणि इंग्रजी अशा पाच भाषा आहेत. पीडितांच्या स्तोत्राशेजारी पीडकांच्या गीताचे कडवे बसवणे कित्येकांना रुचले नाही, आजही रुचत नाही. आणि त्यांचा राग अकारण आहे असे कोणी म्हणू नये. तरीही जेत्यांनी पराभूतांची भाषा पुसून टाकली नाही, ही गोष्ट भाषेवरून डोकी फोडणाऱ्या देशाने अभ्यासण्यासारखी आहे.

सोन्तोंगा 1905 मध्येच वारले. पुढे त्यांची कबर कोठे आहे हेही कोणास ठाऊक उरले नाही. शोध सुरू झाला तेव्हा दफनभूमीच्या नोंदवहीत लोक आडनाव धुंडाळत होते. नोंद सापडली ती 'एनॉक' या पहिल्या नावाखाली. 1996 साली ती कबर राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली आणि नेल्सन मंडेला स्वतः तेथे उपस्थित राहिले.

रवींद्रनाथांच्या विश्वभारतीवरून साने गुरुजींना आंतरभारतीची कल्पना सुचली होती. शिबिरांत प्रांतोप्रांतीची गीते शिकवण्याची प्रथा तिच्यातूनच रुजली. त्या वहीत आणखी काही पाने जोडावीत: बंगाली गीत बंगालीतच, श्रीलंकेचे सिंहली आणि तमिळ अशा दोन्ही भाषांत, सोन्तोंगांचे खोसात. प्रत्येकाखाली अर्थ लिहावा. कोणी रचले, कोणी गायले, कोणी बंदी घातली, तेही लिहावे. पुढील शिबिरात आरंभ 'आमार सोनार बांगला'ने व्हावा. उच्चार चुकतील. जवळपास बंगाली कामगारांची वस्ती असेल तर तेथील कोणाला तरी शिकवण्यासाठी बोलवावे.