उपहासाने मत कसे पालटते?



ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या टिंगल आली, त्यांना उपहासाचे महत्त्व काय सांगावे, असे तुम्हांस वाटेल. परंतु या दोहोंत मोठा भेद आहे. टिंगल माणसाला खाली पाडते. उपहास खोट्या मोठेपणाचे सोंग उतरवितो.

मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्त पाहा. ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले म्हणून तेच श्रेष्ठ, हा पक्ष घेऊन अस्सलायन नावाचा विद्वान तरुण भगवान बुद्धांकडे येतो. भगवान त्याला कठोर शब्द बोलत नाहीत. ब्राह्मणांच्या स्त्रियाही ऋतुमती होतात, गरोदर राहतात, प्रसूत होतात, हे दिसत असता हा दावा कसा, एवढेच ते विचारतात. उच्चकुलीनाने चंदनाच्या काष्ठाने पेटविलेला अग्नी तेवढा प्रकाश देतो आणि चांडाळाने टाकाऊ लाकडाने पेटविलेला देत नाही काय, असेही विचारतात. उत्तर अस्सलायनालाच द्यावे लागते. अखेर तो उपासक होतो. जे सत्य मनुष्य स्वतःच्या तोंडाने कबूल करतो, ते त्याला परके वाटत नाही. उपहासाचे बळ ते येथे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त हीच वाट धरली. धोंडिबा व जोतीराव यांच्या संवादातून त्यांनी ती जन्मकथा शब्दशः खरी मानून पुढचा हिशेब मांडला: मुखातून जन्म झाला, तर विटाळ कोणी व किती दिवस पाळला? कथा खोटी आहे असे नुसते सांगितले असते, तर भाविक रागावला असता; हिशेब ऐकून तो हसतो, आणि हसला की त्याची भीती जाते.

आयर्लंडमधील जोनाथन स्विफ्टने १७२९ साली गरिबांची मुले श्रीमंतांच्या ताटात वाढावीत, अशी सूचना अगदी गंभीर चेहऱ्याने, आकडेवारीसह मांडली. वाचक शहारतो, आणि गरिबांना जिवंतपणी खाणारी व्यवस्था त्याला दिसू लागते.

परंतु या शस्त्राला दोन पथ्ये आहेत. लेखकाचे खरे मत वाचकाला उमगले नाही, तर वक्रोक्ती सरळ अर्थाने घेतली जाते आणि अनर्थ होतो. दुसरे पथ्य अधिक मोलाचे: उपहास दाव्याचा करावा, कोणाच्या जन्माचा, रूपाचा वा दारिद्र्याचा कधीही नाही. तो केला, तर ज्या रूढीने आपणांस छळले, तिचेच आपण वारस ठरू.

म्हणून गावात कोणी तुमच्या धर्मांतराची थट्टा केली, तर शिवीस शिवी देऊ नका. शांतपणे एक नेमका प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट पाहा. आपल्या मुलामुलींनाही असे प्रश्न विचारावयास शिकवा. मग ते आपल्यालाही विचारले जातील, तेव्हा रागावू नका.

जय भीम!