बालशिक्षणातील आचार्यपदवी आणि अंगणवाडीची सेविका



युनियनचा माणूस पीएच. डी.च्या कोर्सवर्काविषयी बोलणार, हे पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. आमचे शिक्षण रात्रशाळेतले, दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने केले. परंतु गेली पुष्कळ वर्षे आम्ही अंगणवाडी सेविकांमध्ये वावरतो, आणि हा विषय आमच्याकडे आला तो त्यांच्यामुळेच.

प्रथम नियम सांगतो. प्रबंधाला हात घालण्यापूर्वी विद्यार्थ्याने काही विषय वर्गात बसून शिकावेत, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली सक्तीचे केले. आज लागू आहेत ते २०२२चे नियम. त्यांप्रमाणे कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे असते. एका श्रेयांकाला वर्गातले १५ तास धरले, तर हे १८० तास झाले. त्यात संशोधनाची पद्धती येते आणि संशोधनातल्या प्रामाणिकपणाचा एक विषय येतो. त्यात ५५ टक्के गुण मिळाले नाहीत तर पुढची वाट बंद.

यात वाईट काय, असे आपण विचाराल. काही नाही! महागाईचा आकडा कसा काढतात हे ज्याला कळत नाही, त्याने वेतनाच्या वाटाघाटीला बसू नये, हे आम्ही ठेच खाऊन शिकलो आहोत. पद्धत शिकलीच पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच, की तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर जो आचार्य होणार, त्याचे हे १८० तास कोठे जातात ते पाहा. सर्वच्या सर्व बाकावर गेले तरी नियम मोडत नाही.

एकदा एक संशोधक मुलगी आमच्या एका सेविकेच्या अंगणवाडीत आली. मुलगी सालस होती, हे आधी सांगून ठेवतो. तिने चार वर्षांच्या एका पोराला पिवळे कार्ड दाखवून रंग विचारला. पोर म्हणाले, "हळद." तिने फुली मारली. लाल कार्डाला "कुंकू" म्हणाले, दुसरी फुली. सेविका म्हणाली, "बाई, याला रंग कळतात हो, तुमच्या कागदाला कळत नाहीत." मुलगी वरमली, पण रागावली नाही. पुढे ती चार दिवस येऊन नुसती जमिनीवर बसली आणि मग तिने तो तक्ता स्वतःच बदलला. हे चार दिवस तिच्या कोणत्याही श्रेयांकात धरले गेले नाहीत.

आपल्याच महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम उभे केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि तिला अंगणवाडी हे नाव पडले. १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली तेव्हा हाच शब्द उचलला. मुले का येत नाहीत, हा प्रश्न त्या बायांना वस्तीत जाऊनच सुटला.

२०२२च्या नियमांत एक चांगले कलम आहे. प्रत्येक पीएच. डी. विद्यार्थ्याने आपल्या विषयाच्या अध्यापनाचे प्रशिक्षण घ्यावे, असे ते सांगते. बालशिक्षणात हे प्रशिक्षण अंगणवाडीत का नसावे? तीन महिने बसवा, आणि शेरा सेविकेकडून घ्या.

आता आमच्या मूळ तक्रारीकडे येतो. आमच्या सभासदांत एक सेविका एम. ए. आहे. नोकरी सांभाळून पीएच. डी. करावी, असे तिच्या मनात आले. अर्धवेळ पीएच. डी.ची सोय नियमात आहे. मात्र मालकाचे ना-हरकत पत्र लागते. कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कासाठी मोकळे करू, असे त्यात लिहून द्यावे लागते. ती कचेरीत गेली. साहेब म्हणाले, "तुम्ही मानधनी. कर्मचारीच नाही, तर पत्र कसले?"

मंडळी, २०२२च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, आणि त्या कायद्यापुरते मानधन हे वेतनच ठरवले. म्हणजे काम सोडताना ती कामगार, आणि शिकायला निघाली की मानसेवी! २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते, बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचे प्रमाणपत्र द्या, कमी शिकलेलीला वर्षाची पदविका. ठीक आहे. पण तिच्यावरची शिडी कोणी मोजली आहे काय? मुलांविषयी प्रबंध लिहिणारी वेगळी, आणि प्रबंधासाठी माहिती पुरवणारी वेगळी, ही वाटणी आम्हाला गिरणीतल्या बाबू आणि बदलीवाल्याच्या वाटणीसारखी दिसते.

साहेबांच्या उत्तरावर आम्ही लेखी जाब विचारला आहे, तो लढा युनियनचा. विद्यापीठाकडे मात्र दोन मागण्या आहेत. सेविकेपुरते ग्रामपंचायतीचे किंवा पर्यवेक्षिकेचे पत्र चालवून घ्यावे. आणि कोर्सवर्काचे तास दुपारी तीननंतर किंवा सुटीत ठेवावेत, कारण सकाळी तिच्याकडे तीस पोरे असतात. समोर दोन-तीन प्राध्यापक मंडळी बसलेली दिसतात. व्याख्यानानंतर त्यांनी कृपा करून दहा मिनिटे थांबावे. तिचा अर्ज आम्ही बरोबर आणला आहे, आणि बाई स्वतः मागच्या रांगेत बसल्या आहेत.