‘दीनमित्र’ कोणाचा होता?
(तालुका कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



१८६७ च्या छापखाने व पुस्तके नोंदणी कायद्याखाली १९५६ साली जे नियम झाले, त्यांनुसार प्रत्येक वृत्तपत्राला दर वर्षी फेब्रुवारी संपल्यावर निघणाऱ्या पहिल्या अंकात ‘फॉर्म नंबर चार’ छापावा लागे. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, मालक कोण, आणि भांडवलात एक टक्क्याहून अधिक वाटा असणारे भागीदार कोण, हे त्या बारीक टायपातल्या चौकटीत येई. आपण अग्रलेख वाचतो, त्यावर तावातावाने वाद घालतो. ही चौकट मात्र क्वचितच कोणी वाचली असेल. तालुक्याच्या साप्ताहिकात बहुधा चारही ठिकाणी एकच नाव असे. तो कायदा आता इतिहासजमा झाला आणि २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून अंमलात आला. ‘मालक कोण’ हा प्रश्न त्यामुळे जुना झालेला नाही.

आज तो काढण्याचे कारण तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. आपल्या तालुक्याचे साप्ताहिक विकाऊ झाले आहे. संपादक थकले आहेत, मुले परगावी आहेत, आणि गिऱ्हाईक म्हणून पुढे आलेल्या गृहस्थांचा धंदा रस्त्यांच्या कंत्राटांचा आहे. ‘आपले पत्र हातचे जाणार’ असे कार्यकर्ते हळहळून म्हणतात. ते ‘आपले’ कधी होते का, हे तपासण्यासाठी मी तुम्हांला थोडे मागे नेणार आहे.

भांबुर्ड्याच्या कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केला. सत्यशोधक विचारांचे, शेतकरी-कष्टकऱ्यांची बाजू मांडणारे ते पत्र. ज्यांच्यासाठी ते काढले, त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, आणि ज्यांना होती त्यांना हे पत्र नको होते. मग वर्गणी यावी कोठून? तीन वर्षे भालेकरांनी तोट्याशी झुंज दिली. १८८० मध्ये पत्र मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे गेले. तेथे गिरणगावातील कामगार हा त्याचा आधार झाला. १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवून त्यांच्या मागण्या मांडणारे लोखंडे हेच या पत्राचे संपादक होते. पुढे वासुदेवराव बिर्जे यांच्यानंतर १९०६ मध्ये तानूबाई बिर्जे यांनी संपादनाची धुरा सांभाळली. पुण्यात न तगलेले पत्र मुंबईत तगले, याचे श्रेय नुसत्या लेखणीला देऊन चालणार नाही. पाठीशी उभा राहणारा वर्ग तेथे होता.

खेड्यात तो आधार नव्हता, आणि तरीही एक पत्र खेड्यातून निघाले. गणपतराव पाटील यांनी १८८८ मध्ये ‘दीनमित्र’ काढला होता. तो फार काळ चालला नाही. भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव हे या पाटलांच्या घरात दत्तक गेले. म्हणजे जन्मदात्या बापाचे बुडीत पत्र आणि दत्तक घराण्याचे बंद पडलेले पत्र, असा दुहेरी वारसा त्यांच्या वाट्याला आला! शहाणा माणूस असता तर त्याने शेती पाहिली असती. मुकुंदरावांनी २३ नोव्हेंबर १९१० रोजी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील सोमठाणे या खेड्यातून ‘दीनमित्र’ साप्ताहिक रूपात पुन्हा उभा केला आणि नंतर तो नेवासे तालुक्यातील तरवडीस नेला. सावकार, भटभिक्षुक आणि कुलकर्णी यांचा जाच ज्या गावगाड्यात चाले, त्याच गावगाड्यात बसून त्यावर लिहिणे सोपे नव्हे. पुण्या-मुंबईचा संपादक ज्याच्यावर लिहितो, तो त्याला रोज पाणवठ्यावर भेटत नाही.

सत्तावन्न वर्षे हे पत्र चालले. १९६७ साली मुकुंदराव गेले आणि ‘दीनमित्र’ही थांबला.

या शेवटच्या वाक्यापाशी आपण थांबले पाहिजे. कोणत्याही सरकारने ते पत्र बंद केले नाही, कोणा भांडवलदाराने विकत घेतले नाही. ते एका माणसाच्या निष्ठेवर उभे होते, आणि माणूस मर्त्य असतो. त्या निष्ठेपुढे मी नतमस्तक आहे. पण सत्तावन्न वर्षांत त्याच्या वाचकांनी त्या पत्राची जबाबदारी कधी आपल्या अंगावर घेतली का, हे विचारल्यावाचून राहवत नाही. वृत्तपत्राचा खरा मालक ओळखायचा, तर नफा कोण नेतो एवढे पाहून भागत नाही, कारण अशा पत्रांना नफा नसतोच. तोटा कोण सोसतो ते पाहावे. ‘दीनमित्रा’चा तोटा ज्याने सोसला, त्याच्याबरोबर तो संपला.

उलट बाजूही पाहा. ‘केसरी’ टिळकांच्या पश्चात विश्वस्त संस्थेकडे गेला आणि टिकला. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ सुरू केले. जून १९५० मध्ये गुरुजी गेले, तरी पुढे ट्रस्टच्या आधाराने ते चालू राहिले. ट्रस्ट म्हणजे रामबाण उपाय असे माझे म्हणणे नाही. विश्वस्तच विश्वस्तांना नेमू लागले की तेथेही एक छोटी वतनदारी तयार होते, आणि वाचक पुन्हा उंबरठ्याबाहेर राहतो.

दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाने १९८२ च्या अहवालात वृत्तपत्रांची मालकी इतर उद्योगधंद्यांपासून वेगळी करावी, असे सुचवले होते. आपण त्या शिफारशीचे स्वागत केले, ठराव केले, आणि मालकीचा प्रश्न हा मोठ्या साखळीपत्रांचा प्रश्न आहे असे समजून स्वस्थ बसलो. तालुक्याच्या साप्ताहिकाचा मालक आणि बांधकाम खात्याचा कंत्राटदार एकच झाला, तर रस्त्यावरच्या खड्ड्याची बातमी कोण छापणार? येथे साखळी नाही, परंतु गळचेपी तीच आहे, आणि ती अधिक जवळून होते.

तेव्हा माझी सूचना अशी. संपादकांची किंमत काय आहे ते त्यांच्याकडून लेखी घ्यावे. छापखान्याचे देणे, कागदाची उधारी आणि येणे असलेली जाहिरातींची बिले यांचा हिशेब समक्ष पाहावा. त्यानंतर सहकारी संस्था की ट्रस्ट, हे वकिलाला विचारून ठरवता येईल. पण कोणाही एकाच्या हाती मोठा वाटा जाणार नाही, आणि संचालकांची निवडणूक वर्गणीदार करतील, ही अट पहिल्या कागदावर असावी. पक्षाच्या नावावरही ते पत्र घेऊ नये, असे माझे मत आहे. यावर तुमच्यापैकी काही जण रागावतील हे मला ठाऊक आहे. शेतमजूर, शिक्षक, एस.टी.चे कर्मचारी, विडी कामगार बाया यांची नावे भागधारकांत आली पाहिजेत, मग रक्कम कितीही लहान असो.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावातील वीस नावे आणावीत. त्या प्रत्येकाला आधी सांगून ठेवा की पहिली काही वर्षे तोटा येईल आणि तो सर्वांनी मिळून वाटून घ्यावा लागेल.