तोफखान्यातले पाद्री

मी तीस वर्षं तोफखान्यात होतो, आता महूला राहतो. आज बोलणार आहे एका जुन्या तोफचीबद्दल, जे पुढे पाद्री झाले आणि खगोलशास्त्रज्ञही. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र.

१९१४ साली ते लूव्हेनला इंजिनिअरिंग शिकत होते. महायुद्ध पेटलं, भरती झाले. आधी पायदळ, मग तोफखाना. शौर्यपदक मिळालं. परत आल्यावर गणित आणि भौतिकशास्त्र शिकले. १९२३ साली पाद्री झाले. १९२७ साली त्यांनी विश्व प्रसरण पावत असल्याचा निबंध लिहिला. हबल यांच्या प्रसिद्ध निबंधाच्या दोन वर्षं आधी. १९३१ साली त्यापुढे जाऊन म्हणाले, सगळ्याची सुरुवात एका आद्य अणूपासून झाली असावी. त्यालाच आपण आज महास्फोट म्हणतो.

आता खरी गोष्ट. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात सुचवलं की या नव्या विज्ञानाने सृष्टीच्या निर्मात्याची साक्षच दिली आहे. पाद्री माणूस खूश व्हायला हवा की नाही? लमेत्र अस्वस्थ झाले. हा सिद्धांत उद्या चुकीचा ठरला, तर श्रद्धाही चुकीची ठरवायची का? त्यांनी आपलं म्हणणं वर पोहोचवलं. १९५२ साली रोममध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांपुढे पोप बोलले, तेव्हा तो दावा पुन्हा आला नाही. १९५८ साली ब्रुसेल्सच्या सोल्व्हे परिषदेत तर लमेत्र यांनी उघड मांडलं की हा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे. देव न मानणाराही तो खुशाल स्वीकारू शकतो.

हे वाचलं तेव्हा मला माझी चूक आठवली.

मी बॅटरी कमांडर होतो. उत्तर सीमेवर हिमस्खलनात आमचा एक जवान गेला. महिन्याभराने त्याची आई सामान न्यायला युनिटात आली. साताऱ्याकडची बाई. तिने विचारलं, "साहेब, माझा पोरगा का गेला?" चौकशीचा अहवाल मीच लिहिला होता. मी सांगायला लागलो: जुन्या बर्फावर नवा थर बसला, दुपारी ऊन लागलं, उतार सुटला. सगळं अचूक. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मान खाली घातली.

शेजारी आमचे पंडितजी बसले होते, गढवालचे. त्यांनी देवाची इच्छा वगैरे काही काढलं नाही. मोडक्यातोडक्या मराठीत एवढंच विचारलं, "माँजी, घरी त्याला काय म्हणायचे?" ती म्हणाली, "बाळ्या." आणि मग तासभर बोलत राहिली.

माझा अहवाल खोटा नव्हता. पुढची चौकी कुठे लावायची हे त्यावरूनच ठरलं, आणि तिथे पंडितजींनी कधी ढवळाढवळ केली नाही. पण त्या बाईचा प्रश्न बर्फाबद्दल नव्हता, एवढं मला कळायला हवं होतं.

आज उलटा प्रकारही रोज बघतो. आमच्या निवृत्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी फॉरवर्ड येतो: महास्फोट आपल्या ग्रंथांत आधीच होता. अभिमान वाटतो, मान्य. पण ज्याने तो सिद्धांत मांडला, तो स्वतः पाद्री असून आपल्याच धर्मगुरूंना म्हणाला, माझं गणित तुमच्या साक्षीला उभं करू नका. तेवढी हिंमत आपल्यात हवी.

१९६६ साली लमेत्र रुग्णालयात होते. विश्वाच्या आरंभाचा उरलेला प्रारणाचा मागमूस सापडल्याची बातमी मित्राने त्यांना दिली. थोड्याच दिवसांत ते गेले.

त्या आईला मी नंतर पत्र लिहिलं. त्यात बर्फाबद्दल काही नव्हतं. बाळ्या रात्रपाळीत चहा कसा करायचा, ते लिहिलं.