हौदा, पाटे आणि कार्यानुभव

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. त्यांनी सुचवलेला विषय होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. त्या विषयावर बोलू शकणारे या मांडवात निदान दहा जण आहेत आणि जेवताना ते बोलणं होईलच. त्यामुळे मी परवानगी घेऊन विषय बदलला आहे. समोर टेबलावर काचेच्या पेटीत जो ट्रक ठेवला आहे, त्याच्याबद्दल मी बोलणार आहे. मघाशी दोघांनी विचारलं, “मुलाचं खेळणं का?” नाही, माझं आहे. आणि त्या ट्रकच्या आडून शेवटी मी तुमच्याकडे काहीतरी मागणार आहे, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे फसवलं असं कुणी म्हणायला नको.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते. अमेरिकेत ‘एएमटी’ नावाची कंपनी १९४८ साली सुरू झाली. गाड्यांच्या विक्रेत्यांना दुकानात ठेवायला छोट्या प्रतिकृती ती बनवायची. पुढे १९५८ पासून तिने सुट्या भागांचे असे संच काढले, की एकाच खोक्यातून तीन प्रकारची गाडी बनवता यावी: कारखान्यातून निघते तशी, हौशी माणसाने सजवलेली किंवा शर्यतीची. माझ्याकडचा संच १९५० सालच्या शेव्हरोले ३१०० या पिकअपचा आहे. प्रमाण १:२५. म्हणजे खऱ्या गाडीवरची एक इंच लांबी इथे जवळजवळ एक मिलिमीटर होते. खोक्यावर छापलंय तसं जोडलं तर हे काम काही शनिवार-रविवारचं आहे. मला १४ महिने लागले, कारण मला ती अमेरिकन गाडी नको होती. मला आपल्या बाजार समितीच्या आवारात शोभेल असा ट्रक हवा होता.

तुम्ही म्हणाल, शेव्हरोले आणि आपलं काय नातं? तर जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. सुटे भाग जहाजाने यायचे आणि इथले कामगार गाडी उभी करायचे. १९५० च्या दशकात तो बंद झाला. ट्रकच्या बाबतीत आपल्याकडची रीत अशी, की चासी कंपनीची आणि मागचा हौदा आपल्या सुतार-लोहारांनी बांधलेला. तसा हौदा आणि तशी गाडी मला करायची होती. हा अमुक एका खऱ्या ट्रकचा नमुना नाही. असा एखादा आपल्या रस्त्यावर धावला असता तर कसा दिसला असता, एवढीच कल्पना.

पहिलं काम चासी लांब करण्याचं. ३१०० ही अर्ध्या टनाची गाडी. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ११६ इंच. त्याच मालिकेतल्या एक टनाच्या ३८०० गाडीचं अंतर १३७ इंच. फरक २१ इंचांचा, म्हणजे माझ्या प्रमाणात २१.३ मिलिमीटर. केबिनच्या मागे चासी कापायची आणि तेवढा तुकडा मधे घालायचा. ऐकायला सोपं आहे. पण चासीच्या दोन्ही पट्ट्या एकाच जागी सरळ कापल्या तर सांधा तिथेच मोडतो, आणि अर्धा मिलिमीटर जरी पीळ राहिला तरी चारातलं एक चाक टेबलाला टेकत नाही.

इथे मी आपल्याच वर्गातल्या एका मित्राला फोन केला. त्याचं नाव घेत नाही, तो मागच्या रांगेत बसून हसतोय. गणितात त्याचे हाल काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. आज एमआयडीसीत त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि हाताखाली बारा माणसं आहेत. मी त्याला म्हटलं, “अरे, एवढी एवढी पट्टी आहे, सांधू कशी?” तो म्हणाला, “सरळ कापू नकोस. सांधा तिरका घे, म्हणजे चिकटायला जागा जास्त मिळते. आणि डावीकडचा सांधा जिथे येईल तिथे उजवीकडचा येऊ देऊ नकोस, थोडा पुढे घे.” कुठे शिकलास, असं विचारल्यावर म्हणाला, “आठवीत. सुतारकामाच्या सरांनी खिडकीची चौकट जोडायला शिकवली होती.”

त्याने सांगितलं तसं केलं. काचेच्या तुकड्यावर चासी ठेवली, गुण्या लावला आणि सांधे जोडले. हे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरिन. त्याला वापरायचा द्रव डिंकासारखा नुसता चिकटवत नाही. तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो आणि त्या एकजीव होतात. एक रात्र वाळू दिलं. सकाळी चारही चाकं टेकली. मग मागच्या बाजूला जोडचाकं लावली आणि पाट्यांच्या जुडग्यात जादा पाटे घातले, कारण आपल्याकडे एक टनाच्या गाडीत एक टनच माल भरतात असं कुणी सांगितलं तर त्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

दुसरं काम स्टिअरिंग उजवीकडे आणण्याचं. संचातला डॅशबोर्ड अमेरिकेचा: मीटर डावीकडे, कप्पा उजवीकडे. त्याचे तीन तुकडे केले, दोन बाजूंची अदलाबदल केली, फटी पुट्टीने भरल्या (आपले डेंटर-पेंटर तिला लांबी म्हणतात) आणि ४०० पासून १५०० नंबरपर्यंतच्या पॉलिश पेपरने घासलं. खालची पेडल आणि चासीवरचा स्टिअरिंगचा डबाही उजवीकडे नेला.

इंजिन सहा सिलिंडरचं, एका रांगेतलं. डिस्ट्रिब्युटरपासून प्रत्येक स्पार्क प्लगला एक वायर जाते. संचात या वायरी नसतात. खरी वायर साधारण सात मिलिमीटर जाडीची, म्हणजे इथे ०.२८ मिलिमीटर हवी. एवढी बारीक तार मला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळाली, हातभर तारेचे पैसेही त्याने घेतले नाहीत. तिला काळा रंग दिला आणि १-५-३-६-२-४ या क्रमाने लावली. याच क्रमाने हे इंजिन पेट घेतं. बोनेट बंद केल्यावर हे कुणालाही दिसत नाही. आमच्या कामातही असं असतं: प्रोग्रामच्या आत काय लिहिलंय ते वापरणारा बघत नाही, पण लिहिणाऱ्याला माहीत असतं.

आता हौदा. आइस्क्रीमच्या काड्या घासून एक मिलिमीटर जाडीच्या केल्या, म्हणजे खऱ्या हिशेबात एक इंची फळ्या. मागचा फाळका बिजागरीवर उघडतो. फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ त्रिशून्य नंबरच्या ब्रशने हाताने लिहिलंय, कारण घरच्या प्रिंटरवर पांढरी शाई नसते.

रंग दसऱ्यानंतर दिला. लॅकर रंग पावसाळ्यात मारला तर हवेतला दमटपणा पृष्ठभागावर धरतो आणि रंग पांढुरका पडतो. गंज दाखवायची युक्ती स्वयंपाकघरातली आहे. आधी गंजाचा तपकिरी रंग द्यायचा. तो वाळला की पृष्ठभाग ओला करून हवं तिथे जाड मीठ भुरभुरायचं, त्यावर वरचा रंग मारायचा आणि तो वाळल्यावर मीठ धुऊन टाकायचं. मिठाच्या खड्यांखाली गंज उघडा राहतो. कुठे मीठ टाकायचं, ते मात्र रस्त्यावर बघून ठरवावं लागतं. पाणी साचतं तिथे गंज येतो, मडगार्डच्या खालच्या कडेला. हात लागतो तिथे रंग उडतो, दरवाजाच्या मुठीपाशी आणि फाळक्याच्या वरच्या कडेला. त्यासाठी मी बाजार समितीच्या बाहेर उभ्या टेम्पोंकडे इतका वेळ बघत बसले, की एका चालकाने विचारलं, “ताई, गाडी घ्यायची आहे का?”

राहिली ताडपत्री. माझ्या मते या ट्रकची सगळ्यात चांगली जमलेली गोष्ट ती आहे. आधी मलमलीचा विचार केला. पण ०.२ मिलिमीटरचा सुती दोरा या प्रमाणात पाच मिलिमीटरचा दिसतो. ती ताडपत्री न दिसता काथ्याची चटई दिसते. म्हणून पतंगाचा कागद घेतला, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवला आणि मालावर बसवला. पण सपाट कागद चौकोनी मालावर नीट बसत नाही, कोपऱ्यात चुण्या गोळा होतात. आधी ब्राउन पेपरवर बेतून घ्यावं लागतं. आणि बेतणं मला येत होतं.

कुठून येत होतं? या शाळेतून. आठवतं ना? आठवड्यातून दोन तासिका कार्यानुभवाच्या. घंटा झाली की वर्गाचे दोन भाग व्हायचे. मुलं मैदानापलीकडच्या सुतारकामाच्या खोलीत आणि आम्ही मुली शिवणाच्या वर्गात. झबलं, मग फ्रॉक, मग काजं-बटणं. शिवणाच्या बाई आज इथे आहेत. बाई, तुमचं वाक्य मला पाठ आहे. पक्की टीप मारायच्या आधी कच्चा धावदोरा घाला आणि घालून बघा. या ट्रकचा एकही भाग मी आधी टेपने तात्पुरता जोडून बघितल्याशिवाय चिकटवलेला नाही. केबिनमधल्या बाकाचं रेक्झिनचं कव्हरही मी तुमच्या पद्धतीने बेतलं.

पण बाई, एक गोष्ट आज सांगते. शिवण मला आवडायचं, तरी मला त्या पलीकडच्या खोलीतही जायचं होतं. रंध्याचा आवाज आमच्या वर्गात ऐकू यायचा. आठवीत मी आणि अजून दोघींनी विचारलं होतं, की आम्ही एक सत्र तिकडे जाऊ का. मुलींना हत्यारं लागतील, असं उत्तर मिळालं. मी पुढे इंजिनिअर झाले. पहिल्या वर्षी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा कानस हातात धरली, तेव्हा मी अठरा वर्षांची होते. शेजारचा मुलगा आठवीपासून ती धरत आला होता. मी हे कुणाला दोष देण्यासाठी सांगत नाही, तेव्हा सगळीकडेच तसं होतं. पण वाटणी अशी झाली, की मागच्या रांगेतल्या माझ्या मित्राला सांधा येतो आणि बेतता येत नाही. मला बेतता येतं आणि सांध्यासाठी फोन करावा लागतो. हा ट्रक व्हायला दोन्ही लागलं.

गेली २२ वर्षं मी सॉफ्टवेअर लिहिते आहे. काम आवडतं, त्यावर घर चालतं. पण पहिल्या दहा वर्षांत मी जे जे लिहिलं, त्यातलं आज काहीही चालू नाही. नवं आलं, जुनं बंद केलं. त्यात गैर काही नाही, तो त्या कामाचा स्वभाव आहे. एवढंच, की माझ्या मुलीने “आई, तू काय बनवलंस?” असं विचारलं तेव्हा दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. आता ती हा फाळका उघडून बघते, आणि परवा तिने विचारलं, “मला करवत कधी देणार?” ती तेरा वर्षांची आहे. तिच्या शाळेत सुतारकामही नाही आणि शिवणही नाही.

आता मागणं. आपल्या तुकडीने शाळेसाठी निधी जमवला आहे आणि उद्या सकाळच्या बैठकीत तो कशाला द्यायचा ते ठरणार आहे. दुसरी संगणक खोली करावी असा सूर आहे. मी संगणकावर पोट भरणारी बाई आहे, मी त्याला विरोध करणार नाही. पण मागच्या महिन्यात मी शाळेत गेले होते. सुतारकामाची खोली बंद आहे. तिथे मोडकी बाकं रचून ठेवली आहेत, पण भिंतीलगतची दोन जुनी जाड टेबलं अजून धड आहेत आणि त्यावरचे शिकंजे तेल दिलं तर फिरतील. माझी विनंती आहे, की निधीचा चौथा हिस्सा त्या खोलीसाठी ठेवावा. रंधे, पटाश्या, करवती, कानशी, गुण्ये, दोन-तीन व्हर्निअर कॅलिपर, चांगला उजेड, डोळ्यांवरचे चष्मे आणि दोन शिलाई मशीन. अट एकच: त्या खोलीत मुलं आणि मुली दोघांनी जायचं आणि दोन्ही कामं दोघांनी शिकायची.

शिकवणार कोण, हा प्रश्न उद्या येणारच, म्हणून उत्तर घेऊन आले आहे. मी महिन्यातून एक शनिवार येईन. मागच्या रांगेतल्या मित्राशी कालच बोलणं झालं आहे, तोही एक शनिवार देतो म्हणाला. शिवणासाठी आपल्या वर्गातल्या दोघी तयार आहेत, त्या हात वर करतील. मुख्याध्यापक सरांनी वेळापत्रकात जागा करून दिली तर जूनपासून सुरू करता येईल.

पेटीचं झाकण आता उघडते. हात लावून बघायला हरकत नाही, फाळका तेवढा हळू उघडा. आणि उद्या दहाला बैठकीला या.