सायलेन्सर बदलताना



खारघरमधल्या पुष्कळ गाड्यांचा दिनक्रम ठरलेला असतो. सकाळी घरापासून स्टेशनपर्यंत, संध्याकाळी स्टेशनवरून घरी. इंजिन पुरतं तापायच्या आत गाडी पुन्हा पार्किंगमध्ये. अशा गाडीचा सायलेन्सर आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. लांबच्या प्रवासात वाफ निघून जाते. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत ती डब्यातच थंड होऊन साचते. वर खाडीची दमट हवा आणि चार महिने पाऊस. इंजिनापासून सर्वांत लांबचा, मागच्या बंपरखालचा डबा म्हणून बहुतेक वेळा आधी जातो. जोडापाशी तांबूस पापुद्रे सुटतात आणि एके दिवशी गाडी फडफडायला लागते.

हा डबा नटबोल्टने जोडलेला असेल, तर घरच्या घरी बदलता येतो. वेल्डिंग असेल, तर सरळ गॅरेज गाठावं.

पण नवा कोणता बसवायचा? तरुण मित्रांना इथे माझं कळकळीचं सांगणं आहे: कंपनीच्या मापाचाच बसवा. घुमणाऱ्या आवाजाच्या नादात पुढचा कॅटलिटिक कन्व्हर्टरही काढून टाकायची टूम निघाली आहे. त्याच्या आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. त्यावरून जाताना विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन होतो. 1995 साली मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला आणि त्यासाठीच शिसंविरहित पेट्रोल आलं, कारण शिशाने तो निकामी होतो. एवढ्या खटपटीने मिळालेली गोष्ट आपण पान्याने काढून भंगारात द्यायची?

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 190 नुसार आवाजाचे आणि धुराचे निकष मोडणाऱ्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. निवासी भागात रात्री दहानंतर आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. आणि आपल्या खारघरमध्ये टाटा स्मारक केंद्राचं अॅक्ट्रेक हे कर्करोग रुग्णालय आहे. केमोथेरपी घेऊन रात्री कसाबसा डोळा लागलेल्या माणसाला खिडकीखालून गेलेली अशी एक गाडी पुरते. मला दंडापेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता प्रत्यक्ष काम. जमीन सपाट आणि टणक हवी, गाडी रात्रभर उभी राहून गार झालेली हवी. हँडब्रेक ओढा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. जॅकने गाडी फक्त उचलायची. तिचा भार लोखंडी स्टँडवर टेकवायचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही, अगदी मिनिटभरही, शिरू नये. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण गंजाचा भुगा थेट तोंडावर पडतो.

नटांवर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा. नट थोडा सैल, पुन्हा किंचित घट्ट, पुन्हा सैल, असा खेळवत काढायचा. एकदम जोर लावला की स्टड मधूनच तुटतो आणि तासाभराचं काम दिवसावर जातं. डबा ज्या रबरांवर लटकतो, त्यांना साबणाचं पाणी लावा. ती अलगद सरकतात. शेवटचं रबर सुटताना डब्याचा सगळा भार खाली येतो, तेव्हा हात द्यायला कुणीतरी सोबत असू द्या.

नवा डबा बसवताना जोडातलं पॅकिंगही नवंच घाला. आधी सगळी रबरं अडकवा, नट हातानेच फिरवा, पाइप हलवून तो कुठे बॉडीला घासत नाही ना ते पाहा. मगच पाना लावा. मग स्टँड काढून गाडी चाकांवर उतरवा आणि इंजिन सुरू करण्याआधी ती ढकलत उघड्यावर आणा, कारण बंदिस्त पार्किंगमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. पाइप तापायच्या आत जोडावर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले, तर इंजिन बंद करून नट आणखी आवळा. आठवडाभर गाडी चालली की गार असताना ते नट पुन्हा एकदा तपासा. सुरुवातीच्या तापण्या-निवण्यात नवं पॅकिंग थोडं दबतं आणि जोड सैल पडतो.