तोच चित्रपट, बदललेले मत

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात सभासदांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणावरून)



कार्यकारिणीने मला 'मला आवडलेले चित्रपट' या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. मी डिप्लोमा झालेला सिव्हिलचा माणूस. रुळांची देखभाल हे माझे काम. रात्री ब्लॉक मिळाला की मी रुळावर असतो, त्यामुळे वर्षाकाठी चार-पाच चित्रपट पाहिले तरी पुष्कळ. दिग्दर्शन, छायालेखन यातले मला काही कळत नाही. तेव्हा मी जे सांगणार आहे ते एका साध्या प्रेक्षकाचे मत समजावे आणि गोड मानून घ्यावे.

आमच्या खात्यात कीमन असतो. तो रोज आपल्या ठरलेल्या टप्प्यात चालत जातो आणि सैल झालेल्या चाव्या ठोकून बसवतो. रूळ तोच, स्लीपर तेच. तरी काल न दिसलेले आज दिसते. चित्रपटांच्या बाबतीत माझे असेच झाले आहे. पहिल्यांदा पाहून मी जे मत ठोकून दिले, ते पुढे बहुतेक वेळा मलाच बदलावे लागले.

सुरुवात हसण्याने करू. सचिन पिळगावकरांचा 'अशी ही बनवाबनवी' १९८८ सालचा. लहानपणी आम्ही तो केवळ साडी नेसलेल्या लक्ष्मीकांत बेर्डेंसाठी पाहायचो. २००७ साली नोकरीनिमित्त मी बेंगळुरूला आलो आणि खोली शोधू लागलो. प्रत्येक घरमालकाचा पहिला प्रश्न, "लग्न झालंय का?" नाही म्हटले की दार बंद. अकरा घरे झाल्यावर मला तो चित्रपट विनोदी वाटेनासा झाला! परक्या शहरात डोक्यावर छप्पर मिळवायला माणूस काय काय करील, याची ती गोष्ट आहे. साडी नेसण्याची वेळ माझ्यावर आली नाही, एवढेच.

याच धाग्याने मी 'सैराट'कडे येतो. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २०१६ साली आला. बन्नेरघट्टा रोडवरच्या मॉलमध्ये आम्ही तो पाहिला तेव्हा गाण्यांना शिट्ट्या पडत होत्या. मध्यंतरानंतर मात्र मंडळी चुळबुळ करू लागली. बाहेर पडताना मीही म्हणालो, "पहिला भाग झकास, दुसरा लांबला." शेवटाची ती शांतता सोडली, तर बाकी कापायला हवे होते असे माझे ठाम मत.

पुढे घरी तो पुन्हा पाहिला. आर्ची आणि परश्या हैदराबादला जातात. भाषा कळत नाही, ओळख नाही, खिसा रिकामा. डोशाची गाडी चालवणारी सुमनअक्का त्यांना आसरा देते. पाटलाची मुलगी कारखान्यात कामाला लागते, हळूहळू तिथली भाषा बोलू लागते. हे पाहताना मला माझे पहिले वर्ष आठवले. 'कन्नड गोत्तिल्ला' एवढेच कन्नड मला येत होते. शेवटी ज्या आजींनी खोली दिली, त्या कन्नडखेरीज एक शब्द बोलत नसत. मला ताप आला तेव्हा तीन दिवस गंजी त्यांनीच आणून दिली. आता मला वाटते, 'सैराट'चा तो लांबलेला भागच आपल्यासारख्यांचा आहे. इथे बसलेल्या प्रत्येकाला कोणीतरी सुमनअक्का भेटलेली असणार. याच कथेवर २०१७ साली कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' झाला आणि त्यातही रिंकू राजगुरूच होती, हे आपल्या कन्नड मित्रांना ठाऊक असेलच.

कन्नड चित्रपटाची गोडी मला मंड्याकडच्या एका सहकाऱ्याने लावली. त्याने मला राम रेड्डी यांचा 'तिथि' दाखवला. शंभरी ओलांडलेला सेंच्युरी गौडा मरतो आणि अकराव्या दिवसाच्या कार्यापर्यंतची ती कथा. कामे गावच्याच माणसांनी केली आहेत. मुलगा गडप्पा सगळे सोडून रानोमाळ भटकतो आणि नातू तम्मण्णा जमिनीच्या कागदांमागे धावतो. मी पोट धरून हसत होतो. मित्र मात्र फारसा हसत नव्हता. म्हणाला, "आमच्या घरात हेच चाललंय." पुढच्या सुट्टीत गावी गेलो आणि चुलत्यांबरोबर सातबाऱ्यावरून बोलणे निघाले, तेव्हा माझेही हसू थांबले.

आता 'उंबरठा'. जब्बार पटेल यांचा १९८२ सालचा चित्रपट. स्मिता पाटील त्यात घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक होते. तिच्या नवऱ्याचे काम गिरीश कर्नाडांनी केले आहे. तेच कर्नाड, जे आपल्या या जे. पी. नगरात राहत असत. मी तो सौ.बरोबर पाहिला आणि म्हणालो, "नवरा तसा वाईट नाही. मारत नाही, ओरडत नाही." सौ. म्हणाली, "म्हणूनच तर. त्याला कळतच नाही की आपलं काही चुकलंय." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मी मिरजेची शाळा सोडून इथं आले, तेव्हा तुम्ही मला विचारलं होतंत?"

मी विचारले नव्हते. माझी नोकरी इथे, म्हणजे तिने यायचे, हे मी गृहीतच धरले होते. त्यावर माझ्याजवळ आजही उत्तर नाही. ती आता इथल्या शाळेत शिकवते, पण मधली सहा वर्षे गेली ती गेलीच.

शेवटी 'श्वास'. संदीप सावंत यांचा हा चित्रपट २००४ मध्ये प्रदर्शित झाला. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळवणारा हा पहिला मराठी चित्रपट. ऑस्करला पाठवण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली होती. कोकणातले आजोबा नातवाला डोळे दाखवायला शहरात आणतात. त्याला डोळ्यांचा कर्करोग आहे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. आणि डॉक्टर म्हणतात, हे मुलाला आधी सांगायला हवे. मी तेव्हा तेवीस वर्षांचा. सांगलीत मित्रांबरोबर पाहिला आणि म्हणालो, "एवढ्याशा पोराला सांगायचं कशाला? गुपचूप ऑपरेशन करून टाकावं."

२०१८ साली आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, काचबिंदू निघाला. एका डोळ्याची नजर जवळजवळ गेली होती. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, पण थेंब नियमित घातले तर दुसरा डोळा टिकवता येईल. मी अण्णांना सांगितले, "मोतीबिंदू आहे, पुढे ऑपरेशन केलं की दिसेल." त्यांनी हाय खाऊ नये म्हणून. आपण सगळे असेच करतो.

काही महिन्यांनी एका रविवारी दूरदर्शन संचावर 'श्वास' लागला होता. अण्णा कोचावर बसून एका डोळ्याने पाहत होते. अरुण नलावडे आजोबा झाले आहेत. नातवाला हे कसे सांगू, म्हणून त्यांची जी तगमग होते, ती पाहताना मला तिथे बसवेना. आजोबा निदान सांगायची धडपड तरी करत होते. मी धडधाकट माणसाशी खोटे बोललो होतो.

त्या रात्री मी अण्णांना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अरे, मग आधी का नाही सांगितलंस? ऑपरेशन होणारच आहे म्हणून मी कितीदा थेंब चुकवले."

मंडळी, रुळाला तडा गेलेला दिसला तर आम्ही लाल झेंडी दाखवून गाडी थांबवतो. प्रवाशांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसत नाही. घरात मात्र मी गप्प बसलो. त्या दिवसापासून थेंबांच्या वेळा अण्णा स्वतः वहीत लिहून ठेवतात. दुसरा डोळा आजही शाबूत आहे. ते आता पहिल्या रांगेत बसले आहेत. हे सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून आधीच घेतली आहे, या वेळी न विसरता!

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. चित्रपट पाहून बाहेर पडताना मत जरूर द्यावे, पण ते पक्के समजू नये. दहा वर्षांनी तोच चित्रपट घरच्या माणसांबरोबर पुन्हा पाहावा. आणि शेजारी बसलेला माणूस काय म्हणतो, तेही ऐकावे.

रुळावरचा माणूस पडद्याविषयी फार बोलला. कमी-जास्त झाले असल्यास क्षमा असावी. आरतीची वेळ झाली आहे.

गणपती बाप्पा मोरया!